शाईचं पाणी, मिठाचा हलवा: भेटकार्डाची पार्श्वभूमी घरी करताना

दर संक्रांतीला आमच्याकडून तिळगुळाच्या पुडीबरोबर एक लहानसं कार्ड जातं. पूर्वी अशी कार्डं दुकानात गठ्ठ्यानं मिळायची, वर पतंग नाहीतर फूल आणि खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. मी ती घरी करते, आणि काळ्या शाईत करते. काळं नेसून हळदीकुंकवाला गेलं तरी कुणी भुवई उंचावत नाही असा वर्षातला हा एकच सण, तो कशाला वाया घालवा?

गेल्या खेपेला पुतणी कार्ड नाकाशी धरून बघत होती.

“आत्या, हा हलवा कशानं काढलास गं? एकेक काटा दिसतोय.”

“मिठानं.”

“म्हणजे मीठ चिकटवलंस?”

“नाही. मीठ टाकलं आणि झटकून टाकलं.”

तिला काही ते पटेना. मग जेवणं आटोपल्यावर दोघी बसलो, आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर, दिवाणावर, फ्रीजच्या डोक्यावर कागदच कागद वाळत पडले. त्या दुपारी तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. पद्धती बऱ्याच आहेत. मी तीन-चार नीट सांगेन आणि बाकीच्या ओझरत्या. कारण हात बसवावा लागतो तो पाण्यावर. कागद आत्ता किती ओला आहे आणि पुढची गोष्ट त्यावर कधी करायची हे ओळखता आलं, की शाई कुठलीही असो, जमतं. आणि वेळेवर थांबावं लागतं, कारण त्या कागदावर शेवटी चार शब्द लिहायचे असतात.

कागदाची परीक्षा

नवीन माणसाचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा कागदामुळे, आणि दोष मात्र जातो शाईला. कुठलाही कागद आणलात की कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मनात आकडे मोजा. दहा म्हणेपर्यंत थेंब आत जिरून मागच्या बाजूला डाग आला, तर तो कागद टीपकागदाच्या जातीचा. शाई पडेल तिथंच पिऊन टाकणार, तुम्हाला खेळायला वेळ देणार नाही. थेंब अळूच्या पानावरच्यासारखा मिनिटभर तरी टिकला, तर कागद कामाचा. उलट टोकाला चकचकीत आर्ट कार्ड. त्यावर थेंब टिकतो, पण शाईही आत जात नाही. तासाभरानं बोट फिरवलं तरी हाताला येते. लग्नपत्रिकांचे उरलेले गुळगुळीत कागद फुकट मिळाले म्हणून मी पूर्वी घरी आणायची, ते याच कारणानं बंद केलं.

आयव्हरी कार्ड स्पंजच्या कामाला चालतं, पण त्यावर पाण्याचा हात दिला की पापडासारखं वळतं. ड्रॉइंगच्या वहीतला कार्ट्रिज पेपर सरावाला ठीक. खऱ्या कामाला जलरंगाचा ३०० जीएसएमचा कागद घ्या. महागडा, सुती धाग्याचा नको, साधा विद्यार्थ्यांसाठीचा पुरे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणजे ३०० जीएसएमचा एक ए-फोर कागद १८.७५ ग्रॅम भरायला हवा आणि दहा कागद १८७ ग्रॅमच्या आसपास. हे सांगायचं कारण, एकदा मी ‘३००चा’ म्हणून आणलेला गठ्ठा पहिल्याच ओल्या हाताला वाकडा झाला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला तर दहा कागद दीडशे ग्रॅमही भरेनात. तेव्हापासून नवीन कागद आधी काट्यावर जातो, मग कपाटात.

आता महत्त्वाचं. पार्श्वभूमी कार्डावर थेट करू नका. वेगळ्या तुकड्यावर करा आणि जमलेला तुकडा कार्डावर चिकटवा. दहातले तीन-चार तुकडे बिघडणारच, आणि बिघडला तर तुकडा जातो, कार्ड वाचतं. माझं माप ठरलेलं आहे. कार्डासाठी ए-फोर आडवा निम्मा कापायचा आणि तो अर्धा मध्ये घडी घालायचा, की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. शाईसाठी जलरंगाच्या ए-फोरचे चार भाग करायचे. तेही तेवढेच भरतात, पण काम झाल्यावर ते ९५ बाय १३८ ला छाटायचे. कडेचे डाग, टेपच्या खुणा छाटणीत निघून जातात आणि चिकटवल्यावर चारी बाजूंनी पाच मिलिमीटरची पांढरी चौकट राहते. ही चौकट शाईला फार शोभा आणते. साडीला काठ असावा तसं.

शाई: कुठली धावते, कुठली बसते

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या खोलीत आलं. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात वडिलांची पत्रं होती. पाणी ओसरल्यावर गठ्ठा सोडवला तर फाउंटन पेनानं लिहिलेली पत्रं फिकट निळ्या ढगांसारखी झाली होती, एक अक्षर लागेना. बॉलपेननं लिहिलेली वाचता येत होती. आणि वडिलांनी घराचा एक नकाशा ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ शाईनं काढलेला होता, त्याची रेघ न रेघ जागेवर. कागद चिखलानं पिवळा पडला होता, पण रेघ काळीभोर.

शाईचा धडा याहून वेगळा शिकवावा लागत नाही. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. वाळल्यावरही पाणी लागलं की पुन्हा उठतात आणि धावतात. आपल्याला पार्श्वभूमीसाठी हेच हवं असतं. ड्रॉइंगच्या काळ्या वॉटरप्रूफ शाईत काजळीचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. ती एकदा वाळली की बसली, वरून कितीही पाणी फिरवा. म्हणून नक्षी, रेघा, अक्षरं या शाईत आणि धावणारं आभाळ फाउंटन पेनच्या शाईत. ड्रॉइंगची शाई फाउंटन पेनात मात्र कधी भरू नका, आत वाळून पेन कायमचं बंद होतं.

तिसरी शिक्क्याची शाई, पॅडवाली. ती हळू वाळते, म्हणून स्पंजनं पसरायला सोयीची. कपड्यावर पडली तर विसरा.

सुरुवातीला फाउंटन पेनच्या काळ्या, निळ्या आणि लाल अशा तीन बाटल्या आणि एक ड्रॉइंगची काळी एवढं पुरतं. आपल्याकडे शाईला परकं व्हायचं कारण नाही. कॅम्लिनची सुरुवातच १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुडीनं आणि गोळ्यांनी झाली. घरोघरी त्या पाण्यात कालवून दौत भरायचे. शाई घट्ट किंवा पातळ करणं हे आपल्या आजोबांना रोजचं काम होतं.

काळ्या शाईच्या पोटात

कार्डाला हात घालण्याआधी दहा मिनिटं हा खेळ करा. टीपकागदाची किंवा कॉफी गाळायच्या कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी कापा. खालून दोन सेंटिमीटरवर काळ्या शाईची एक रेघ ओढा, वाळू द्या. पेल्यात सेंटिमीटरभर पाणी घ्या आणि पट्टीचं टोक त्यात बुडेल, पण रेघ बुडणार नाही, अशी ती पेन्सिलीवरून लोंबकळत ठेवा. पाणी पट्टीतून वर चढतं, रेघेपाशी येतं आणि शाईला सोबत घेऊन निघतं. काळ्या शाईत अनेकदा दोन-तीन रंग मिसळलेले असतात आणि प्रत्येक रंग पाण्याबरोबर वेगळ्या वेगानं जातो. पट्टीवर निळा, जांभळा, कधी लालसर असे थर सुटे होतात. ड्रॉइंगच्या शाईची पट्टी केलीत तर रेघ ढिम्म हलत नाही.

माझ्याकडच्या दोन काळ्या शायांपैकी एक निळी-जांभळी फुटते, दुसरी नुसती करडी होते. संक्रांतीच्या कार्डाला मी पहिली वापरते. चंद्रकळेच्या काळ्यातही उन्हात धरलं की निळसर झाक दिसते, तशी झाक त्या कागदाला येते.

मिठाचा हलवा

आता मूळ कृती. लागणारं सामान: जलरंगाच्या कागदाचा तुकडा, एखादी पाटी किंवा जुना लाकडी पोळपाट, मास्किंग टेप, एक इंची चपटा ब्रश, दोन वाट्या पाणी, काळी शाई आणि खडे मीठ. खड्यांना खलबत्त्यात दोनच ठोके द्या. ज्वारीच्या दाण्याएवढेही राहू देत, रव्याएवढेही. एकसारखं बारीक मीठ टाकलं तर नुसती पुरळ उठल्यासारखे ठिपके येतात. हलवा लहानमोठा असतो, तसं मीठही लहानमोठं हवं.

तुकडा चारी बाजूंनी टेपनं पाटीवर चिकटवा. एका वाटीत दोन चमचे पाणी आणि पाच-सहा थेंब शाई, ही फिकी. दुसऱ्या वाटीत एक चमचा पाणी आणि पंधरा-वीस थेंब, ही गडद. थेंबांचा हिशेब शाईप्रमाणे बदलेल, आधी कागदाच्या कपच्यावर बघा. वाळल्यावर रंग ओल्यापेक्षा चांगलाच फिका पडतो हे लक्षात ठेवून थोडा गडदच ठेवा.

आधी स्वच्छ पाण्याचा हात. ब्रश भरून पूर्ण तुकडा ओला करा आणि अर्धा मिनिट थांबा. पुन्हा एकदा हलका हात द्या. पहिलं पाणी कागद पितो, दुसरं वर राहतं. आता फिकी शाई वरून खाली, आडव्या पट्ट्यांनी. लगेच गडद शाई खालच्या दोन तृतीयांश भागात, कडेकडेनं सोडा. ब्रश घासू नका, टेकवा आणि उचला. पाटी उचलून जरा तिरकी करा, शाई आपोआप वाट काढते. वरच्या उजव्या बाजूला तीन बोटं जागा फिकीच ठेवायची, तिथं अक्षरं येणार आहेत. इथं हात शिवशिवतो. तिथंही थोडं सोडावंसं वाटतं. सोडू नका.

आता पाटी खिडकीपाशी न्या आणि कागदाकडे वरून बघू नका, कडेनं, डोळ्याच्या पातळीवरून बघा. आधी त्यावर पाणी डबक्यासारखं चमकतं, खिडकीचे गज त्यात स्पष्ट दिसतात. मग डबकं आत जातं, गज पुसट होतात, पण कागदाला नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी ओलसर तकाकी असते. मग तीही जाते आणि कागद मंद होतो. मीठ टाकायचं ते दुसऱ्या वेळी, तकाकी असताना. डबक्यात टाकलं तर मीठ विरघळून शाई नुसती गढूळ होते. मंद झाल्यावर टाकलं तर काहीच होत नाही, मीठ बापडं पडून राहतं. सांगलीत जानेवारीच्या दुपारी ही वेळ दोन-तीन मिनिटांत येते. जुलैत मी दहा मिनिटं उभी राहिलेली आहे.

चिमटीतून एकेक खडा टाका. झारीनं शिंपडल्यासारखं नको, नाहीतर पूर्ण कागद देवीच्या व्रणांसारखा दिसतो. खाली दाट, वर विरळ, अक्षरांच्या जागी एखाददुसरा. टाकल्यानंतर हात लावू नका. मिनिटभरात प्रत्येक खड्याभोवती शाई हलायला लागते. खडा आसपासचं पाणी आपल्याकडे ओढतो, पाण्याबरोबर शाई सरकते आणि मागे फिकट जागा उरते. तिच्या कडा सरळ नसतात, बारीक काटे फुटतात. हाच तो काटेरी हलवा. त्यावेळी पुतणी टेबलावर हनुवटी टेकवून बसली होती आणि मला बोलू देत नव्हती.

कागद पूर्ण वाळू द्या. केसांचं ड्रायर लावू नका. काटे अर्धवट राहतात आणि मीठ उडून शेजारच्या कागदावर जातं. वाळल्यावर मीठ कोरड्या फडक्यानं झटका, चिकटलेले खडे स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं हलकेच खरवडा. हे काम नीट करा. राहिलेलं मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ड पुन्हा चिकट होतं.

सगळ्या शाया मिठाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. कागदात लगेच रुतणारी शाई हटत नाही. अशा वेळी दोष स्वतःकडे घेऊ नका, दुसरी बाटली उघडा.

टेप काढताना कागदाच्या बाहेरच्या दिशेला, तिरकी आणि सावकाश. घाईत ओढली की कागदाची साल निघते. शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये टूथपिक बुडवून पाच-सात जागी ठिपके द्या. मिठानं उमटलेला हलवा धूसर असतो, हे ठिपके पुढं येतात आणि कागदाला खोली येते. पाच-सात म्हणजे पाच-सातच.

प्लास्टिकवरून उचललेली शाई

ही पद्धत ज्यांना चित्र ‘येत नाही’ त्यांच्यासाठी. पारदर्शक प्लास्टिकची फाइल टेबलावर पसरा. तिच्यावर दोन रंगांचे तीन-तीन थेंब लांब-लांब टाका. हातभर अंतरावरून पाण्याचा बारीक फवारा मारा. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची बाटली चालते. पाणी प्लास्टिकवर पसरत नाही, त्याचे मणी होतात आणि त्यात शाई शिरते. कागदाचा तुकडा पालथा करून या मण्यांवर ठेवा, पाठीवरून एकदा तळहात फिरवा आणि सरळ वर उचला. पहिला ठसा फिका आणि विरळ येतो. तो पूर्ण वाळवा. मग उरलेल्या शाईवर तोच तुकडा नुसता एका कोपऱ्यानं टेकवा. पुन्हा वाळवा. तिसऱ्यांदा फक्त जिथं रिकामं वाटतं तिथं. प्रत्येक थराची कड वाळताना जराशी गडद होते आणि या कडा एकमेकींवरून गेल्या की गारगोटीच्या दगडातल्या थरांसारखं काहीतरी तयार होतं, जे ब्रशनं मुद्दाम काढता येत नाही.

न वाळवता थरावर थर दिलात की सगळं एक होतं आणि चिखल होतो. रंग निवडतानाही हीच भानगड. सप्टेंबरात कासला जाऊन आलेल्या प्रत्येकाला सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी-जांभळा एकाच कागदावर हवा असतो. पठारावर ती फुलं शेजारी-शेजारी असतात, एकमेकांत कालवलेली नसतात. पिवळा आणि जांभळा ओले असताना भेटले की तपकिरी होतो. तेव्हा आधी पिवळा ठसा, तो खडखडीत वाळू द्यायचा, मग जांभळा, तोही पिवळ्याच्या बाजूबाजूनं, मध्ये पांढरा कागद सोडून. निळा-जांभळा किंवा लाल-पिवळा अशा जोड्या बिनधास्त भेटू द्या, त्या भांडत नाहीत.

रांगोळीचा छापा

यासाठी परदेशी स्टेन्सिल मागवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. दिवाळीच्या आधी गणपती पेठेत फिरलं की प्लास्टिकचे रांगोळीचे छापे ढिगानं दिसतात: कमळ, गोपद्म, कोयरी, वेलबुट्टी. भोकं बारीक असलेला छापा घ्या. वापरलेला असेल तर धुऊन, पुसून, वाळवूनच घ्या. भोकांत अडकलेले रांगोळीचे कण शाई पितात आणि कागदावर किरकिरीत पांढरे डाग सोडतात.

छापा कागदावर टेपनं दोन ठिकाणी पक्का करा. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा मऊ भाग सुपारीएवढा कापा. शिक्क्याच्या पॅडवर तो टेकवा आणि आधी रद्दी कागदावर पाच-सहा वेळा आपटा. स्पंज ‘आता यात काही राहिलं नाही’ असा वाटायला लागला की तो तयार झाला. मग छाप्यावर वरून खाली, टपटप. घासलात, ओढलात, किंवा स्पंज ओला असला, की शाई छाप्याखाली शिरलीच म्हणून समजा. कडेकडून सुरुवात करून मध्याकडे हात हलका करत या. मध्ये नक्षी जेमतेम दिसेल न दिसेल अशी विरली पाहिजे. तिथंच लिहायचं आहे. छापा उचलताना एका बाजूनं धरून, पुस्तकाचं पान उलटावं तसा.

मिठाच्या किंवा प्लास्टिकच्या वाळलेल्या कागदावर त्याच रंगात हा छापा दिला तर फार छान दिसतो, अंगचीच वीण असल्यासारखा.

हळद आणि चुना

सांगलीत राहून हळदीला विसरून कसं चालेल? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, तर त्याच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध. ही शाई घरी होते.

हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. एक चमचा हळदीत पाच चमचे सर्जिकल स्पिरिट किंवा पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर घाला, झाकण लावून हलवा आणि अर्धा तास ठेवा. गॅसपासून लांब, खिडक्या उघड्या. गाळ खाली बसला की वरचं केशरी-पिवळं पाणी अलगद काढून घ्या आणि कागदावर एकच हात द्या. पाच मिनिटांत वाळतं.

खरी गंमत पुढे. पानाला लावायचा चुना वाटाण्याएवढा घेऊन अर्धी वाटी पाण्यात कालवा, स्थिर होऊ द्या. वरच्या निवळीत काडी बुडवून पिवळ्या कागदावर रेघ ओढा. रेघ लालभडक उमटते. हळदीतला रंग क्षाराला भेटला की लाल होतो. पूर्वी घरी हळदीपासून कुंकू करायचे ते याच गुणावर. लिंबाच्या रसाचा थेंब टाकलात की पुन्हा पिवळा. म्हणजे ठिपके लाल, त्यातले काही पुन्हा पिवळे, असं लिहित-पुसत नक्षी करता येते. चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि हे काम करताना साबणाचे ओले हात कागदाला लावू नका. हळदीचा डाग साबणानं धुताना लाल होतो ते सगळ्यांनी बघितलं आहे. इथं तुमची पाची बोटं उमटतील. माझी उमटली होती.

हा रंग टिकत नाही हे आधीच सांगते. उन्हात हळद उडते आणि लालही हळूहळू तपकिरीकडे झुकतो. हळदीकुंकवाच्या बोलावण्याला उत्तम, जपून ठेवायच्या कार्डाला नको.

ओझरत्या दोन

शेव्हिंग फोमची पद्धत मुलांना फार आवडते. ताटात दोन सेंटिमीटर फोम पसरायचा, वर शाईचे थेंब, विणायच्या सुईनं एकदा उभ्या आणि एकदा आडव्या रेघा, त्यावर कागद दाबायचा, उचलायचा आणि फोम पट्टीनं खरवडून काढायचा. अबरीसारखी, म्हणजे संगमरवरासारख्या लहरींच्या कागदासारखी, नक्षी येते. जेल घेऊ नका, फेसाळणारा फोमच हवा. घरभर दाढी केल्याचा वास येतो, तेवढं सोसायचं.

मेणबत्तीनं आधी रेघा ओढून वरून शाईचा हात दिला तर मेणाच्या जागा पांढऱ्या राहतात. सोपं आहे, पण मेणावर पुढे ना पेन चालतं ना गोंद धरतो. मेण काढायचं तर दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा. वर्तमानपत्र घेऊ नका, त्याची छपाई उलटी उमटते.

वाळवणं, चिकटवणं, धाडणं

एका जुलैत मी चाळीस कार्डं करून ‘वाळली असतील’ म्हणून एकावर एक रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी तो चाळीस कार्डांचा एकच ठोकळा झाला होता. वरवर कोरडा वाटणारा कागद आतून ओला असतो. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओल आहे. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण एक रात्र द्या, उन्हात वाळवू नका. फाउंटन पेनच्या शाया उन्हात उडतात.

वाळल्यावर तुकडा थोडा वाकतोच. त्याच्या पाठीला ओल्या फडक्यानं अगदी हलका हात लावा, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा आणि वर जाड पुस्तकं रचून दिवसभर विसरा. माझ्याकडे या कामाला जुना शब्दकोश आहे. मग छाटा. पट्टी आणि कटरनं, कात्रीनं नाही.

चिकटवायला पातळ दुहेरी टेप सगळ्यात बरी. पांढरा गोंद लावायचाच तर कडेला धाग्याएवढा; जास्त लागला की त्यातलं पाणी कागदाला परत वाकवतं. लिहिण्यासाठी ड्रॉइंगची शाई किंवा पांढरं जेल पेन. फाउंटन पेननं लिहिलंत तर खालची शाई उठून अक्षर फिसकटतं. आणि एका दमात संपूर्ण मजकूर लिहू नका. कपच्यावर एक शब्द लिहून पाच मिनिटं बघा, मग कार्डाला हात लावा.

टपालानं धाडायचं तर वजन बघा. पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ३०० जीएसएमचं कार्ड साधारण ९ ग्रॅम, वरचा तुकडा ४ आणि ११४ बाय १६२ चं पाकीट आणखी ४, म्हणजे सतरा-साडेसतराला काम होतं. वर तिळगूळ ठेवायला जागा उरत नाही. कार्ड पाकिटात घालण्याआधी बटर पेपरमध्ये गुंडाळा, पावसाचा एक थेंब आत गेला तरी शाई धावते.

हातानं द्यायची कार्डं असतील तर आणखी एक. तिळाच्या लाडवाचं तेल कागदातून झिरपतं आणि आरपार दिसणारा गोल डाग पडतो, तो कशानंही जात नाही. पुडी आणि कार्ड यांच्यामध्येही बटर पेपर घाला, किंवा मी करते तसं करा: एका हातावर तिळगूळ आणि दुसऱ्या हातात कार्ड.